मागचं घर पुढे येणार

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी रस्तेवाले आले आणि मोठ्याबाईंच्या भिंतीवर लाल फराटा ओढून गेले. खिडकीखालून निघून थेट दाराच्या चौकटीपर्यंत. शेजारी बाण, तोंड आतल्या बाजूला. उड्डाणपूल आमच्या महाल भागात उतरणार, त्यासाठी रस्ता रुंद होणार. म्हणजे ओटा जाणार, बैठक जाणार, त्या झोपतात ती खोली पण जाणार. मधल्या भिंतीपाशी येऊन रस्ता थांबणार. भिंतीच्या अलीकडे मी.

आज चहा दोनदा केला. दुसऱ्या वेळी साखर जरा जास्तच पडली.

मोठ्याबाई म्हणजे मोठी जाऊ. इथून पुढे मो.बा. एवढंच लिहीन, पूर्ण नावावर शाई घालवायची इच्छा नाही. सासरे गेल्यावर देवासमोर दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पुढचं घर थोरल्यांना, मागचं आम्हाला. सासूबाई म्हणाल्या, देवानंच दिलं, आता सख्ख्या भावांत कागद कशाला. मधे भिंत घातली, तिच्यात एक दार, ते कायम बंद, आणि झालं. तेव्हापासून मी बोळातून येते-जाते. दोघींचे नवरे गेले, बोळ तेवढा राहिला. माझ्याकडे कोणी आलं की आधी मो.बा. ना विचारावं लागतं, कुंदाताई कुठे राहतात? त्या ओट्यावरून हात मागे करतात. "मागं."

चाळीस वर्षं ऐकते आहे हे "मागं".

२० नोव्हेंबर, गुरुवार
बर्डीवर बाजारात जाऊन आले. परत येताना ऑटोवाला मधेच म्हणाला, मावशी, इथंच उतरा, पुढं सगळं जाम आहे. उतरले. पायी निघाले तर तोच ऑटो मला वाटेत तीनदा भेटला.

गल्लीत मात्र सगळ्यांची रडारड चालू आहे. जुनं नागपूर चाललं, महालाची शान चालली, आमच्या आजोबांनी हे बांधलं आणि ते बांधलं. आजोबांनी नाल्यावर ओटा बांधला होता हे कोणी सांगत नाही. चारचाक्या घ्यायच्या दोन-दोन, त्या लावायच्या लोकांच्या दारात आणि रस्ता रुंद होणार म्हटलं की गळे काढायचे. शहर वाढलं तर रस्ते लागणारच. इथे कोणाला हार्ट अटॅक आला तर धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा तेरावा व्हायचा. पाडा म्हणावं. मला जुन्या नागपुराचं काही कौतुक नाही. जुन्या नागपुरात मला बोळ मिळाला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
महापालिकेच्या झोन ऑफिसातून नोटीस आली. पुढच्या दारात चिकटवून गेले. मो.बा. ना दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, मोतीबिंदू पिकून बसलाय, ऑपरेशन आज करू उद्या करू चाललंय. तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होत्या, आता स्वतःच्या दारावरची नोटीस वाचता येत नाही. मग मला बोलावलं.

"कुंदा, वाचून दाख वं. काय म्हणून राहिले ते?"

वाचून दाखवलं. सावकाश वाचलं, ओटा हा शब्द दोनदा वाचला. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट पोट भरल्यासारखं झालं. खोटं कशाला लिहू, ही वही काही कोणी वाचणार नाही.

शेवटी लिहिलं आहे की सूचना व हरकती लेखी द्याव्यात. तेवढं न वाचता निघाले होते. पण त्याच म्हणाल्या, अशा नोटिशीत हरकतीचं असतेच, पाह्य. बाई त्या बाईच.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आज हरकत लिहायला बसलो. म्हणजे त्या सांगणार, मी लिहिणार. ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं, हे काय नवीन.

त्यांनी सांगितलं ते असं. "लिही, आम्ही दोघी विधवा आहो. घरात दुसरं कोणी नाई. आमचं घर वाचवा. पुढचं घेणंच असन तं ओटा घ्या, पण दोघींले हलवू नका. या वयात आम्ही कुठं जाऊ?"

दोघी, दोघी, दोघी. पायापुरती जागा द्यायची वेळ होती तेव्हा दोघी कुठे होत्या? नितीन लहान असताना त्याची सायकल ओट्यावर ठेवू दिली नाही. पाहुणे येतात, बरं दिसत नाही म्हणे. सायकल बोळात गंजली.

मी हो हो म्हणत मागे आले आणि माझं पत्र लिहिलं. घर क्रमांक घातला. 'सदर रस्ता रुंदीकरणास आमची कोणतीही हरकत नाही. जनहिताचे काम असल्याने लागेल तेवढी जागा घेण्यात यावी.' कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतः बसून टाइप केलं. एक चूक नाही. समास सारखा. आमचे मोठे साहेब असते तर नुसतं पाहून सही केली असती.

एकट्या माझ्या सहीनं भागलं नसतं, जाणारी जागा त्यांची. म्हणून पत्र घेऊन गेले. त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. त्यांनी वाचून दाखव म्हटलं. मी त्यांचंच त्यांना म्हणून दाखवलं. दोघी विधवा आहो, घरात दुसरं कोणी नाही. सही करताना रेघ उतरत गेली. खाली मी केली.

"मस्त लिवलं वं तू," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, मोतीबिंदूचं का खरं ते देव जाणे.

१ डिसेंबर, सोमवार
पत्र दिलं. पोच घेतली, गोल शिक्का. बाबू म्हणाला, सगळे ओरडायला येतात, हे पहिलंच असं पत्र आलं. मला जरा बरंच वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार
नितीनचा फोन पुण्याहून. त्याला सगळं सांगितलं, पत्राचं सोडून. म्हणाला, आई, म्हणजे आपलं घर रस्त्यावर येणार. मी म्हटलं, हो, थेट. शटर काढून समोर एखादं दुकान भाड्यानं देता येईल, तो म्हणाला. मी म्हटलं, दुकान नको. मला ओटा बांधायचा आहे. तो हसला. मी हसत नव्हते.

मग काकू कशी आहे विचारलं. त्याला तिचं भारी कौतुक. लहानपणी ती त्याच्या प्रत्येक नव्या वहीवर पान क्रमांक घालून द्यायची. पोट्टे पानं फाडतात, क्रमांक असला की चोरी सापडते म्हणे. हा अजून ऑफिसच्या डायरीत तसं करतो.

दुपारी मो.बा. ओट्यावर उन्हात होत्या. काटोलहून माझ्या भावानं संत्री पाठवली होती, चार नेऊन दिली. बारकी निवडून. रस्त्यानं जाणारे ओळखीचे हात करतात, त्यांना फक्त सावली हलल्यासारखं दिसतं. विचारतात, कोण होतं वं? मी म्हणते, कोणी नाही. आज पाच जणांनी हात केला. पाचही वेळा मी कोणी नाही म्हटलं.

"लोकं विसरले वाटते आपल्याले," म्हणाल्या. मी संत्र सोलत बसले.

८ जानेवारी, गुरुवार
नीट लिहिते.

मोजणीवाले आले. फीत पुढच्या दारापासून सोडली आणि बोळातून मागे, माझ्या मोरीवरून, तुळशीवरून, मागच्या कुंपणापर्यंत नेली. मी म्हटलं, अहो, चूक होते आहे, फराटा मधल्या भिंतीपाशी थांबतो. त्यांच्यातला एक टॅबवर नकाशा दाखवायला लागला. त्यात एक चौकोन. आत काहीच नाही.

"आजी, नकाशात ही भिंत नाहीच ना," म्हणाला. "मालमत्ता पत्रिकेवर घर एकच आहे. दोन भावांची नावं, जागा एक."

मी म्हटलं, वाटणी झाली आहे. कागद दाखवा, म्हणाला. कागद नाही. देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, चांगला पोरगा आहे, हसला नाही. मग म्हणाला की पूल उतरल्यावर बाजूला नालीची लाईन घ्यायची आहे, त्यात मागची जागा बसते. तसंही पुढचं गेल्यावर जो तुकडा उरतो त्यावर नव्यानं काही बांधायची परवानगी मिळत नाही. शिवाय तुम्हीच लागेल तेवढी घ्या म्हणून लिहून दिलं आहे ना?

जाताना माझ्या मागच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले.

९ जानेवारी, शुक्रवार
झोनच्या ऑफिसात गेले. माझं पत्र फाईलमध्ये लागलं आहे. कोपऱ्यात निळ्या शाईनं १४ घातलं आहे. तिथले साहेब म्हणाले, असं स्वच्छ टाइप केलेलं पत्र आजकाल मिळत नाही. चाळीस वर्षं नोकरी केली, एवढी शाबासकी कोणी दिली नव्हती. आज मिळाली.

पत्र मागे घेता येईल का विचारलं. म्हणाले, फेब्रुवारीअखेर अंतिम करायचं आहे, तोवर येईल. मागचा भाग वगळता येतो का तेही पाहता येईल, नालीची लाईन थोडी सरकू शकते. पण सह्या दोघींच्या आहेत. दोघींनी समोर यायचं आणि सांगायचं की हे पत्र आमच्या मनासारखं नव्हतं, काय घडलं ते. तसं लिहून घेऊन मग पुढे.

काय घडलं ते. म्हणजे मो.बा. ना सांगावं लागेल.

येताना बोळात उभी राहिले थोडा वेळ. ह्यांची तिरडी इथून नेताना वाकडी करावी लागली होती. लोक म्हणत होते, पुढच्या दारातून काढा. मो.बा. नी मधलं दार सताड उघडून दिलं होतं. मीच नाही म्हटलं. आमचा माणूस आमच्या वाटेनं जाईल म्हटलं. माझ्या या ताठ्यापायी ते शेवटचे वाकडे होऊन गेले. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार
आज सांगितलं. सगळं नाही. पूर्ण घर जाणार एवढंच. भिंत नकाशात नाही म्हणून, असं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, "आपल्या पत्राचं काय झालं वं? वाचलंच नाई वाटते त्याहीनं."

"नाही वाचलं," मी म्हटलं.

बदल्यात एकच गाळा. घर एक, कुटुंब एक, गाळा एक. रिंगरोडच्या पार पलीकडे, बस बदलून जायचं. एक खोली आणि स्वयंपाकघर. मला वाटलं हे त्यांना झेपणार नाही, तुझ्यासोबत नको म्हणतील, आणि त्या वाक्याची मी वाट पाहत होते. पण त्यांनी हाताने चाचपत माझा हात शोधला.

"चाल, एकीले तं एक राहीन. भिंत बांधाचं काम नाई आता."

अंगाचा तिळपापड झाला. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रंदिवस ही बाई माझ्या शेजारी, मी तिला वाढणार, तिला वाचून दाखवणार, आणि ती मला माझ्याच पत्राची तारीफ ऐकवणार.

३० जानेवारी, शुक्रवार
सांगायचं ठरवून तीनदा बोळातून पुढे गेले. एकदा त्यांची भाजी निवडून दिली. एकदा तेल लावून दिलं. एकदा नुसतीच परत आले.

माझं मागचं घर वाचू शकतं. फक्त तोंड उघडायचं. पण कोणत्या तोंडाने?

५ फेब्रुवारी, गुरुवार
मो.बा. चं ऑपरेशन अखेर झालं, उजवा डोळा. अचानक त्यांनीच ठरवलं. म्हणाल्या, घर जायच्या आधी एकदा नीट पाहून घेतो. मी धंतोलीला घेऊन गेले. मेट्रोचा जिना नको म्हणाल्या, म्हणून ऑटो. अर्धा रस्ता खणलेला, अर्ध्यावर बॅरिकेड. ऑटोवाला शिव्या देत होता. त्या सारखं विचारत होत्या, काय दिसते वं, कुठं आलो? मी सांगत गेले, सगळं पाडून ठेवलं आहे, तुमच्या शाळेची भिंत पण गेली. शाळा उभी होती. पोरं सुटली होती तेव्हाच.

असं का बोलले ते मलाही कळलं नाही. सवय झाली आहे.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसायला जागा नाही. खाप्याहून एक म्हातारा-म्हातारी आले होते. तो तिच्या डोळ्यात थेंब घालत होता आणि ती त्याला ओरडत होती. मी तिकडे पाहायचं टाळलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
पट्टी काल काढली. आज काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या. दुपारी मला आवाज दिला. गेले.

रस्त्यानं जाणाऱ्यांना हात करत होत्या. एक, दोन, तीन. सगळ्यांना नावं घेऊन.

"सारेच हात करतात वं, कुंदा. तू तं म्हणे कोणी नाई."

मी म्हटलं, माझं लक्ष नसेल. त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांनी माझं तोंड त्यांना नीट दिसलं असेल. शाळा उभी आहे का ते विचारलं नाही. विचारतील.

११ फेब्रुवारी, बुधवार
त्यांची मुलगी परगावी दिली आहे, त्या जावयानं फोन करून सांगितलं की फाईलची नक्कल मागवा, सगळी पानं, हक्क आहे. अर्ज मो.बा. नी स्वतःच्या हातानं लिहिला. अक्षर अजून वळणदार, फळ्यावर काढावं तसं. मला म्हणाल्या, तू आणून देजो, माह्याच्यानं उन्हात जाववत नाई.

म्हणजे फाईल माझ्याच हातात येणार. देव कधी कधी माझ्याकडे पण पाहतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
नक्कल आणली. सव्वीस पानं, टाचलेली. घरी येऊन दार लावलं, टाचणी काढली, चौदावं पान काढून घेतलं, पुन्हा तशीच टाचली. भोकं जुळवून. ऑफिसात असताना अशी कामं किती केली, साहेबांसाठी. स्वतःसाठी पहिल्यांदा.

फाडून टाकायला घेतलं. नाही फाडलं. एक चूक नाही त्यात. आणि खाली त्यांची ती उतरत गेलेली सही. या वहीत ठेवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी फाईल नेऊन दिली. म्हटलं, आरामात वाचा, डोळ्याला ताण देऊ नका. निघत होते तर म्हणाल्या, बस.

बसले. त्यांनी पहिलं पान वाचलं. बोटाला थुंकी लावून दुसरं. नोटीस, नकाशा, पुन्हा नोटीस. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवत होत्या, मग वाचत होत्या. शाळेत वह्या तपासायच्या तशा. तेव्हा लक्षात आलं. निळ्या शाईतला क्रमांक. मी भोकं जुळवली, टाचणी जुळवली, आणि ज्या बाईनं माझ्या पोराच्या प्रत्येक वहीवर क्रमांक घातले तिच्यासमोर फाईल नेऊन ठेवली. मी स्वतःला हुशार समजते.

बारा. तेरा. मग बोट थांबलं. एक पान मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"तेरानंतर पंधरा हाय. चौदा कुठं गेलं वं?"

मी म्हटलं, ऑफिसवाल्यांनी द्यायचं राहिलं असेल.

त्यांनी फाईल मिटली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी तिथेच सगळं बोलून मोकळी झाले असते. रस्त्यावरून कोणी हात केला, त्यांनी पाहिलं नाही.

मग म्हणाल्या, उद्या दोघी जाऊ ऑफिसात, आता मले दिसते. साहेबासमोर बसून चौदा वाचू. साडेदहाला निघू.

मी उठले, ओट्यावरून उतरून बोळाकडे वळले.

"कुंदा," त्यांनी मागून हाक मारली. "उद्या बोळातून नको येऊ. माह्या घरातून ये. मधलं दार उघडं ठेवीन."

हे लिहिते आहे तर तो चौदावा कागद हाताखाली येतोय, वही नीट बसत नाही.